बोर्डापुढचा गुडघा

ते साल दोन हजार एकचं. छत्तीसगड वेगळं होऊन वर्षही भरलं नव्हतं. रायपूर शहरातल्या ज्या जुन्या मोठ्या दवाखान्यात प्रमोदिनी बाळंत झाली होती, त्याचं मंत्रालय झालं होतं, आणि तिचे यजमान अनंतराव आल्यागेल्याला हसून सांगत, "ही जिथं कण्हत होती न, त्याच वॉर्डात आता माझं टेबल आहे. तिथं आता आम्ही कण्हतो." लाल दिव्याच्या गाड्या नव्यानंच दिसू लागल्या होत्या आणि त्यांच्यासाठी सगळे रस्ते एकदम खोदून ठेवले होते. श्रावणात एका सकाळी प्रमोदिनी बूढ़ापाऱ्यातल्या भावाच्या घरून चौबे कॉलोनीतल्या आपल्या घरी निघाली होती. जयस्तंभ चौकापाशी वाट अडली म्हणून ती रिक्षातून उतरली. रस्त्याच्या मधोमध दुभाजकाचे दगड मांडून ठेवले होते, अजून सिमेंट घातलं नव्हतं. दोन दगडांच्या फटीत तिचं पाऊल बसलं, मागून कुणाचा तरी हॉर्न वाजला, ती वळली, आणि पाऊल वळलं नाही. आवाज झाला. वाळलेली शेंग फुटावी तसा, पण कानाला नाही, आत कुठेतरी ऐकू आलेला. रिक्षावाला म्हातारा मागे वळून म्हणाला, "का होगे दाई?" ती म्हणाली, "कुछ नहीं." दुखत नव्हतंच तेव्हा. फक्त गुडघ्याखालचा पाय आपला नाही, कुणीतरी धरायला दिलेला आहे, असं वाटत होतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतला लिगामेंट तुटला. मांडीच्या मागची शीर काढून त्यांनी ती गुडघ्यात ओवली आणि वरून खाली पट्ट्यांनी आवळलेला पाय घेऊन ती रायपूरला परतली. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती पहिल्यांदाच दिवसाउजेडी पलंगावर पडून होती. छताच्या पंख्याला जाळी लागली आहे, खिडकीच्या कठड्यावर रोज संध्याकाळी सिलतऱ्याकडच्या कारखान्यांची काळी भुकटी येऊन बसते, समोरच्या सक्सेनांकडचा कुकर आपल्यापेक्षा आधी वाजतो, या गोष्टी इतक्या वर्षांत तिला ठाऊकच नव्हत्या. आणि अनंतराव असे वागू शकतात हेही ठाऊक नव्हतं. ते सकाळी तिच्यासाठी चहा करून आणत. उशी पायाखाली नीट सरकवत. आंघोळीच्या वेळी हात धरून न्हाणीपर्यंत नेत आणि बाहेर पाठ करून उभे राहत. एवढ्या संसारात त्यांनी कधी तिच्या पायाकडे पाहिलं असेल असं तिला वाटत नव्हतं. आता ते टाक्यांची खूण रोज पाहत. तिला ते आवडत होतं. आवडतं याची थोडी लाजही वाटत होती.

गुडघा वाकवायला भावना यायची. पंचवीस-सव्वीसची पोरगी, फिजिओथेरपी शिकलेली, वडील सिलतऱ्याच्या प्लांटात, घर गुढियारीत. स्कूटी फाटकाशी लावून ती चपला काढायच्या आधीच बोलायला सुरुवात करी. "काकू, चला, आज बहाणा नाही चालत. काल मी गेल्यावर केलं का नाही केलं? खरं सांगा, पाप लागते." पलंगावर एक गुळगुळीत फळी ठेवायची, तिच्यावर पावडर भुरभुरायची आणि टाच त्या फळीवरून आपल्याकडे ओढत आणायची. पायाला ओढणीचा फास. ओढणी प्रमोदिनीच्या हातात, आणि तिच्या हातांवर भावनाचे हात. टाच सरकत सरकत एका जागी येऊन थांबे, आणि तिथून पुढे गुडघ्यात एक भिंत असे. "अजून. अजून. ओरडा न काकू, फ्लॅटची सोसायटी आहे का इथं? ओरडा!" प्रमोदिनी ओरडत नसे. डोळ्यांतून पाणी येई, पण ओठ मिटलेले. भावना आपली प्लास्टिकची बिजागरीवाली पट्टी लावून कोन पाही आणि मान हलवी. "काटकोन पाहिजे दसऱ्याच्या आत. नाही तर आत जाळं धरते. मग नागपूरला नेऊन बेशुद्ध करून वाकवतात, आणि तेव्हाही वाकला तर वाकला. मांडी घालणं मग विसराच."

अनंतराव दारात उभे राहून हे ऐकत. एकदा ते म्हणाले, "राहू दे वं. एवढं दुखते तर काहून करून राहिली?" तिला ते ऐकून भरून आलं होतं. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हाही. तिसऱ्यांदा त्यांनी ते भावनालाच सांगितलं, अंगणात, फाटकाशी. खिडकी उघडी होती. "हे पहा पोरी, आता तू बोर्ड झाल्यावर ये. मी फोन करतो तुले." भावना म्हणाली, "कोणता बोर्ड काकाजी?" "मेडिकल बोर्ड आहे तिचा. दसऱ्यानंतर." "तोवर जाम होईल न गुडघा!" "होऊ दे," अनंतराव म्हणाले, आणि मग घाईघाईनं, "म्हणजे, मग सोडवू ना आपण. तू आहेसच." स्कूटी सुरू व्हायला वेळ लागला. भावना किक मारत राहिली होती, पुन्हा पुन्हा, रागानं मारल्यासारखी.

बोर्डाची गोष्ट प्रमोदिनीला ठाऊक होती, पण कागदासारखी ठाऊक होती, पायासारखी नाही. राज्य तुटलं तसे सरकारी नोकरीतल्या माणसांचेही वाटे पडले होते. कोण भोपाळच्या वाट्याला, कोण रायपूरच्या. अनंतरावांचं नाव भोपाळच्या यादीत आलं होतं. बायको आजारी असेल, चालता येत नसेल, तर नाव इकडेच राहू शकतं, एवढाच एक रस्ता उरला होता, आणि त्यासाठी सरकारी डॉक्टरांनी बायकोला तपासायचं होतं. अनंतरावांनी हे तिला जेवताना सांगितलं होतं, लोणचं वाढता वाढता, "एक कागद टाकला आहे, पाहू काय होते," असं. तिलाही रायपूर सोडायचं नव्हतं. हे घर सोडायचं नव्हतं, घराजवळच्या तलावाची ती बाजू, भावाच्या घरचा सोपा, आपल्याला नावानं हाक मारणारा भाजीवाला. पन्नाशीला टेकून कुठल्या अनोळखी गावात दारावर आपल्या नावाची पाटी लावायची? म्हणजे दोघांना हवं होतं ते एकच होतं. त्यासाठी काय द्यायचं, तेवढं बोलणं झालं नव्हतं. तिला त्या दिवसापासून स्वतःचा पाय चादरीखाली ठेवलेल्या कुणा दुसऱ्याच्या वस्तूसारखा वाटू लागला. न्यायला येणारं माणूस येईपर्यंत जपून ठेवायची वस्तू.

ते ऑफिसात गेले की ती फळी ओढून घेई. निधी, बारावीतली लेक, शाळेत असे. दार लोटलेलं, पंखा बंद, पावडर भुरभुरायची आणि ओढणी आवळायची. भावनाचे हात नसताना ते फार अवघड होतं. आपणच आपल्याला दुखवायचं आणि आपणच थांबवायचं नाही. टाच भिंतीपाशी येई, थांबे, आणि तिथं प्रमोदिनीच्या कानांत एक जुना आवाज घुमायला लागे, शिट्टीचा. शाळेत ती खो-खोच्या संघात होती. मैदानावर ओळीत बसलेलं असायचं, गुडघे छातीशी, टाचा उचललेल्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. पाठीमागून कुणी हात लावील याची वाट पाहत. तो हात लागेपर्यंत उठायचं नाही, आणि लागला की क्षणभरही बसायचं नाही. तिच्या पाठीला तो हात अजून आठवत होता. त्या वर्षी जबलपूरला सामने होते आणि तिची निवड झाली होती. वडील बाबाराव, रेल्वेत नोकरीला, त्यांना पोरीला परगावी पाठवायचं नव्हतं. संध्याकाळी सायकल काढून शाळेत गेले आणि बाईंना सांगून आले की मुलीचा पाय मुरगळला आहे. घरी येऊन आईला म्हणाले, "बाई पाहायला येतील उद्या. पोट्टीले सांग, थोडी लंगडून चाल म्हणा." एवढंच. तिला थेट म्हणालेच नाहीत. बाई आल्या, चहा झाला, आणि ती स्वयंपाकघरातून बशी घेऊन लंगडत बाहेर आली. इतकं खरं लंगडली की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई गेल्यावरही ती लंगडत राहिली, कारण शाळेत लंगडावं लागणार होतं, गल्लीत लंगडावं लागणार होतं, आणि एके दिवशी ती थांबायला गेली तर पाय खरंच दुखत होता. घोटा सुजला होता. आईनं हळद लावली. खोटं बोललेलं पायाला कुणी कळवलं, हे तिला आजवर कळलं नव्हतं. पण पाय ऐकतो, हे कळलं होतं. आता हाच गुडघा रोज ऐकत होता, राहू दे, होऊ दे, दुखते तर काहून. किती दिवस ऐकेल आणि मग खरंच तसा होईल?

एका संध्याकाळी अनंतरावांनी तिची टाच पाहिली. व्यायाम झाल्यावर पाय पुसायला ती विसरली होती. टाचेला पांढरी पावडर होती, आणि फरशीवरही एक पुसट पट्टा. खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी तिची टाच पुसली, हळूच, बाळाची पुसावी तशी. मग फरशी पुसली. दुसऱ्या दिवशी पावडरचा डबा जागेवर नव्हता. तो कपाटाच्या वर होता, बॅगांच्या मागे, नुसतं झाकण दिसत होतं. घर आवरताना ठेवला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. रविवारी त्यांनी घर आवरलंच होतं. कॅलेंडरचं पान उलटलं होतं, जुनी वर्तमानपत्रं बांधली होती. ती त्या झाकणाकडे पाहत पडून राहिली. पुरुषमाणूस पावडरचा डबा कपाटावर ठेवतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं? कदाचित काहीच नसतं. कदाचित त्यालाही ठाऊक नसतं. निधी शाळेतून आली तेव्हा ती म्हणाली, "निधी, तो डबा काढून दे ग." निधीनं वर पाहिलं. "वो पापा ने रखा है, आई." "माहीत आहे. काढ." "पापा ने मुझे बोला है कि बोर्ड तक आपको पलंग से उतरने नहीं देना." पोर घाबरली होती, आपण काय बोललो ते बोलल्यावर कळल्यासारखी. मग तिनं स्टूल ओढलं, वर चढली, डबा काढला आणि आईच्या हातात न देता उशीखाली सरकवला. "मैंने नहीं दिया," ती म्हणाली, आणि दप्तर उचलून आत गेली.

मग भुलाबाईचे दिवस आले. कॉलोनीतल्या मराठी घरांतल्या पोरी संध्याकाळी घरोघरी जाऊन भुलाबाईची गाणी म्हणत. अर्ध्यांना गाण्यांचा अर्थ कळत नसे, पण चाल पाठ होती. प्रमोदिनीच्या घरी त्यांची वेळ आली त्या दिवशी तिनं निधीकडून खिरापत करवून घेतली, डब्यात घालून झाकण लावलं आणि पुढच्या खोलीत स्टुलावर जाऊन बसली. पोरी गात होत्या. गाणी संपली की डबा वाजवायचा आणि आत काय आहे ते त्यांनी ओळखायचं. "करंजी!" "नाही." "चिवडा!" "नाही ग, आवाज पहा की आवाज." "आंटी, हिंट दीजिए ना!" "हिंट काय हिंट. कान लावा." ती डबा हलवत होती, हसत होती, आणि पोरींपैकी एक सरकत सरकत कान लावायला पुढे आली म्हणून तिनं पाय मागे घेतला. नुसता घेतला. जसा कुणीही घेतो. डोळे वर केले तेव्हा अनंतराव दारात होते. ते तिच्या पायाकडे पाहत होते. स्टुलाच्या दांडीमागे गेलेल्या टाचेकडे, काटकोनाच्याही पलीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद यायला निघाला होता, तिनं तो पाहिला, शपथेवर सांगावं इतका स्पष्ट पाहिला. आणि तो अर्ध्यावर थांबला. मग ते चालत खिडकीपाशी गेले आणि त्यांनी पडदा ओढला. समोर सक्सेना राहत होते, त्याच खात्यातले, त्यांचंही नाव भोपाळच्या यादीत होतं. "खोबरं-साखर!" एक पोरगी ओरडली. "बरोबर," प्रमोदिनी म्हणाली, जरी ती पंजिरी होती.

त्यानंतर बोर्डापर्यंतचे दिवस दोघांनी फार सांभाळून काढले. चहा येत होता. उशी सरकवली जात होती. दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनाही ठाऊक आहे हेही दोघांना ठाऊक होतं. प्रमोदिनी वाट पाहत होती. ते एकदा म्हणोत. पलंगाच्या काठावर बसून, नाहीतर पाठ करूनही, म्हणोत की अवं, मले भोपाळची भीती वाटते, एवढं एक दिवस पाय सरळ ठेव. तिनं ठेवला असता. हे तिला अगदी आतून ठाऊक होतं आणि त्याचीच तिला भीती वाटत होती. पण ते वर्तमानपत्र वाचत आणि मोठ्यानं सांगत, अमक्या चौकात पुतळा बसणार, तमक्या मंत्र्याचा बंगला झाला. एकदा बोलता बोलता म्हणाले, "डॉक्टर लोक जोर लावतात म्हणे तपासताना. दुखलं की तोंडानं सांगायचं, सोसायचं नाही." ती म्हणाली, "हव." एवढंच झालं. बाबारावांनीही एवढंच केलं होतं. तेही आईला म्हणाले होते, तिला नाही.

बोर्ड सकाळी होता. सरकारी दवाखान्यातली लांब खोली, हिरवा पडदा, टेबलामागे तीन डॉक्टर आणि भिंतीशी बाकावर तिच्यासारखीच माणसं, कुणाच्या हातात एक्स-रे, कुणाचा हात गळ्यात, कुणाची म्हातारी आई व्हीलचेअरवर. कुणीच एकमेकांकडे पाहत नव्हतं. इथं बसलेलं प्रत्येक दुखणं कुठल्या तरी नोकरीचं होतं. अनंतरावांनी तिला धरून आत नेलं, गरजेपेक्षा घट्ट. तपासणीच्या टेबलावर चढवलं, तिच्या चपला काढल्या आणि त्या हातात घेऊन ते तिच्या पाठीमागे उभे राहिले. मधले डॉक्टर तरुण होते, थकलेले. त्यांनी खूण पाहिली, गुडघ्याची वाटी दोन बोटांनी हलवली. "मोड़िए, माताजी. जितना मुड़ता है." पाय टेबलावर सरळ पडलेला होता. ती बसली होती. पाठीमागे अनंतराव होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता, चपलांचा एकमेकींवर घासल्याचा आवाज येत होता. आता, तिला वाटलं. आता हात लागेल पाठीला. हलका नाही तर जोरात, कसाही, एकदा. पाठीची कातडी त्या एका जागेवर ताणून बसली. लागला असता तर काय केलं असतं? सरळ ठेवला असता, ठेवलाच असता, आणि तो मग सरळच राहिला असता, घोटा सुजला होता तसा, कायमचा, आणि घरात कुणी त्याचं नावही काढलं नसतं. "माताजी?" डॉक्टर म्हणाले. हात लागला नाही. कुणी खो दिला नाही. ती आपणच उठली, म्हणजे बसल्या जागी तिनं टाच ओढली, रेक्झिनवरून, पावडर नसताना, ती भिंत आली तिथून पुढे, आणखी पुढे, आणि या वेळी ती ओरडली. ओरडली म्हणजे किती, बाकावरची माणसं उभी राहिली. टाच मांडीला जवळजवळ टेकली होती. डॉक्टर हसले. सकाळपासून पहिल्यांदाच हसले असतील. "अरे वा. बहुत बढ़िया रिकवरी है." आणि त्यांनी खाली वाकून लिहायला घेतलं.

अनंतरावांनी चपला तिच्या पुढ्यात ठेवल्या. दोन्ही सरळ, शेजारी शेजारी. ऑटोमध्ये ते बाहेर पाहत होते. जयस्तंभ चौकातले दगड आता सिमेंटनं पक्के झाले होते, वर काळे-पांढरे पट्टे. "चांगलं झालं," ते म्हणाले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच म्हणत होते, हे तिला सगळ्यात अवघड गेलं. मग घर दिसू लागलं तेव्हा म्हणाले, "आता सामान बांधायले लागू." ती म्हणाली, "तुमचं बांधू." ऑटोवाल्यानं आरशातून एकदा पाहिलं. "म्हणजे?" "मी इथंच राहीन. तुम्ही येत जा सुटीला." तिनं निधीची बारावी मध्ये आणली नाही. ती त्यांनी आणली, नंतर, लोकांना सांगताना.

अनंतराव भोपाळला गेले आणि नोकरी संपेपर्यंत तिथंच राहिले. एका खोलीत, दुसऱ्या एका मराठी माणसाबरोबर, आणि भाताचं पाणी मोजायला शिकले. सुटीला गाडीनं येत तेव्हा पिशवीत तिच्यासाठी काहीतरी असे, कधी बटवा, कधी नुसता पेरू. सक्सेनांचं नाव रायपुरातच राहिलं, त्यांना कसलासा दमा निघाला होता. भावनानं पुढे गुढियारीतच स्वतःचं केंद्र काढलं. बंडू नावाच्या रेल्वेतल्या मुलाशी लग्न केलं आणि पहिल्या मुलीच्या बारशाला प्रमोदिनीला बोलावून सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्या काकू माझ्या. सगळ्यात चिवट पेशंट." निधी बंगळुरात आहे. ती अजून हिंदीतच उत्तर देते, पण तिच्या पोरीला भुलाबाईच्या गाण्यांची चाल येते, आणि खिरापत ओळखायला लावायची ती डबा कानाशी धरूनच. तलावाचं आता सुशोभीकरण झालं आहे. प्रमोदिनी कित्येक वर्षं रोज सकाळी त्याला फेरी घालत असे. आता दुसरा गुडघा दुखतो, तो कधी कुणी कापला नव्हता.

अनंतराव निवृत्त होऊन घरी आले तेव्हा थकले होते. शेवटच्या वर्षी त्यांना वाकता येत नसे. एका सकाळी त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं आणि ती त्यांच्या पुढ्यात उकिडवी बसून त्यांच्या पायात मोजे चढवत होती. गुडघे छातीशी, टाचा उचललेल्या. ते वरून पाहत होते. म्हणाले, "तेव्हा मी म्हटलं असतं तुले तर?" कधीचं, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही. दुसरा मोजा टाचेवरून नीट ओढून घेतला. "तर ठेवला असता सरळ," ती म्हणाली. त्यांनी मान हलवली. मग हात पुढे केला, तिला उठायला मदत म्हणून. तिनं तो धरला, पण भार टाकला नाही, आणि उठून उभी राहिली.